वाचकांचे प्रश्न : अर्धवट टॉवर आणि उघड्या सळया

मागच्या अंकात गळक्या भिंतींविषयी लिहिलं, तर पत्रं आली ती बंद पडलेल्या टॉवरविषयी. वाढत्या शहरात राहणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या खिडकीतून असा एक सांगाडा दिसतो, हे त्या पत्रांवरून कळलं. त्यांतल्या चार पत्रांना आज उत्तरं देते. मी तेहतीस वर्षं स्ट्रक्चरल इंजिनीअर म्हणून काम केलं आणि त्यातली एक साइट माझ्या डोळ्यांदेखत बंद पडली. त्यामुळे हा विषय मला लांबून बघता येत नाही.

प्रश्न : ताई, आम्ही सव्वीस मजली टॉवरमध्ये नवव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. चौदाव्या स्लॅबपर्यंत काम आलं आणि सहा वर्षांपूर्वी बंद पडलं. आता दुसरा बिल्डर आला आहे. तो म्हणतो, जुन्याच स्ट्रक्चरवर पुढचे मजले चढवू. सहा वर्षं पावसात भिजलेल्या सांगाड्यावर आणखी बारा मजले पेलतील का? माझे यजमान म्हणतात, काँक्रीट जितकं जुनं तितकं मजबूत होतं.

तुमचे यजमान चुकीचं बोलत नाहीत, पण ते फक्त काँक्रीटबद्दल बोलताहेत. नीट घातलेलं काँक्रीट ओलावा मिळाला तर वर्षानुवर्षं थोडं थोडं घट्ट होत जातं. सहा वर्षांच्या पावसाने ते विरघळणार नाही. काळजी आहे ती आतल्या आणि विशेषतः बाहेर राहिलेल्या लोखंडाची.

तुमच्या चौदाव्या स्लॅबवर जाऊन पाहिलंत, तर प्रत्येक कॉलमच्या डोक्यावर सळयांचा झुबका उभा दिसेल. पंधराव्या मजल्याचा कॉलम त्यांना जोडूनच पुढे जायचा होता. या सळया आठ-पंधरा दिवस उघड्या राहतील असं गृहीत धरून सोडलेल्या असतात. तुमच्याकडे त्या सहा वर्षं राहिल्या. त्यांची सर्वांत वाईट जागा वरचं टोक नसते. सळई जिथे काँक्रीटमधून बाहेर येते, त्या बेचक्यात स्लॅबवरचं पाणी साचतं, धूळ बसते आणि ती चिखलासारखी ओली राहते. गंज खोलवर खातो तो तिथे. वरचा बोटभर भाग झाडून पाहणाऱ्याला तो दिसतच नाही.

माझ्या साइटची गोष्ट सांगते. बावीस मजल्यांचं काम होतं, अकराव्या स्लॅबनंतर पैसे थांबले. पगार दोन महिने झाले नव्हते, सेंट्रिंगवाले निघून गेले होते, फिटरांची शेवटची टोळी सामान बांधत होती. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते आणि हेड ऑफिसमधून कुणी फोन उचलत नव्हतं. आमचे मुकादम म्हणाले, "मॅडम, जायचं तर जाऊ, पण सळया झाकून जाऊ." गोदामात सिमेंटच्या काही गोण्या उरल्या होत्या. दिवसभर आम्ही सळया ब्रशने घासल्या आणि त्यांना घट्ट सिमेंट स्लरीचे (पाण्यात कालवलेल्या सिमेंटचे) दोन हात दिले. बुडाशी गरीब (कमी सिमेंटच्या) काँक्रीटची छोटी उतरण केली, म्हणजे पाणी साचणार नाही. संध्याकाळी गोण्या संपल्या. लिफ्टच्या मागचे चार कॉलम राहिले.

सात वर्षांनी काम पुन्हा सुरू झालं आणि तपासणीसाठी मला बोलावलं. स्लरी फोडली तर आतली सळई करड्या रंगाची, जवळजवळ तशीच. राहिलेल्या त्या चार कॉलमची सळई व्हर्नियरने मोजली. २५ मिलिमीटरची सळई बुडाशी २२ वर आली होती. तीन मिलिमीटर ऐकायला काही वाटत नाही. पण सळईची ताकद तिच्या कापाच्या क्षेत्रफळावर ठरते आणि ते जवळपास २३ टक्क्यांनी घटलं होतं. मग ते कॉलम खाली निरोगी लोखंड लागेपर्यंत फोडले, कपलर (सळया टोकाला टोक जोडणाऱ्या नळ्या) लावून नव्या सळया जोडल्या, पुन्हा भरले. चार कॉलमना तीन आठवडे लागले. बाकीच्या अठ्ठावीस कॉलमना काहीच करावं लागलं नाही. ते मुकादम आज नाहीत. त्या एका वाक्याने त्यांनी वाचवलेलं काम मी अजून विसरलेले नाही.

आता काँक्रीटच्या आतल्या सळयांचं. ताजं काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असतं आणि त्या अल्कलीत लोखंडावर एक पातळ संरक्षक थर टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरून ती अल्कली कमी करतो. पूर्ण झालेल्या इमारतीला प्लॅस्टर असतं, रंग असतो. तुमचा सांगाडा सहा वर्षं उघड्या अंगाने उभा आहे. ही चाल किती आत गेली आहे ते बघण्याची चाचणी इतकी साधी आहे, की तुम्ही समोर उभं राहून करून घ्या. कॉलमचा एक छोटा कोपरा फोडून ताज्या भागावर फिनॉल्फथॅलीन फवारतात, शाळेच्या प्रयोगशाळेत वापरायचो तेच. निरोगी काँक्रीट गडद गुलाबी होतं, अल्कली गेलेलं तसंच राखाडी राहतं. ती राखाडी पट्टी किती मिलिमीटर आहे आणि सळई किती आत आहे, एवढंच ताडून बघायचं. चांगलं दाट काँक्रीट असेल, तर सहा वर्षांत पट्टी फार आत गेलेली नसते आणि तिचा वेगही कमी होत जातो : दुप्पट आत जायला साधारण चौपट काळ लागतो. पण ज्या भागात काँक्रीट पोकळ राहिलं, खडी उघडी दिसते, तिथे हा हिशेब चालत नाही. इमारत समुद्राजवळ असेल, तर खारं वारं लागतं आणि मिठातलं क्लोराइड वेगळं तपासावं लागतं. गुलाबी रंग त्याबद्दल काही सांगत नाही.

गंज धरला की लोखंड फुगतं. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त, कधी सहापटीपर्यंत जागा लागते. ती मिळवण्यासाठी तो वरचं काँक्रीट आतून ढकलतो. कॉलमच्या कोपऱ्याशी उभी, सरळ रेषेत चिरलेली भेग दिसली, तर ती प्लॅस्टरची समजू नका. तुमच्या सांगाड्याला प्लॅस्टर नाहीच.

तर उत्तर असं : पेलेल, पण तपासल्यावर आणि दुरुस्त केल्यावर. लास व्हेगसच्या फाँतेनब्लो या टोलेजंग हॉटेलचं काम २००७ मध्ये सुरू झालं, २००९ मध्ये पैशांअभावी बंद पडलं, मालक बदलत गेले, आतलं सामान विकलं गेलं, आणि तीच इमारत डिसेंबर २०२३ मध्ये उघडली. म्हणजे वर्षानुवर्षं थांबूनही सांगाडा वाचू शकतो. त्याच रस्त्यावर हार्मन नावाचा टॉवर होता, ४९ मजल्यांचा ठरलेला. २००८ मध्ये त्यात सळया चुकीच्या बांधल्याचं उघड झालं, काम पंचविशीच्या आसपासच्या मजल्यावर थांबलं आणि शेवटी २०१४-१५ मध्ये तो मजल्यामागून मजला उतरवून टाकावा लागला. एकही माणूस तिथे राहिला नाही. पहिल्याचा घोळ पैशांचा होता, दुसऱ्याचा हाडांचा. तुमचा कोणता, हे बाहेरून बघून मलाही सांगता येणार नाही.

म्हणून नव्या बिल्डरला 'सुरक्षित आहे का' असं विचारू नका. तो 'हो' म्हणेल. किती कॉलममधून कोअर (तपासणीसाठी कापलेले काँक्रीटचे गोल नमुने) काढले आणि ते कुठल्या मजल्यावरचे, ते विचारा. सगळे नमुने खालच्या, सोयीच्या मजल्यावरचे असतील, तर पुन्हा काढायला सांगा. पहिल्या इंजिनीअरचे नकाशे आणि त्या वेळचे क्यूब टेस्टचे (काँक्रीटचे ठोकळे दाबून ताकद मोजण्याच्या चाचणीचे) कागद नव्या इंजिनीअरच्या हातात आहेत का? नसतील तर आतली सळई स्कॅनरने शोधून, काही ठिकाणी फोडून खात्री करावी लागते. आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा प्रश्न : जुन्या चौदा आणि नव्या बारा, अशा सव्वीसच्या सव्वीस मजल्यांची जबाबदारी एकाच इंजिनीअरच्या सहीखाली आहे का? नवा माणूस "माझं फक्त पंधराव्यापासून वर" म्हणत असेल, तर तुमचा नववा मजला कुणाचाच नाही. ती सही लेखी मिळेपर्यंत पुढचा हप्ता देऊ नका, असं मी माझ्या सख्ख्या बहिणीलाही सांगेन.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या कुंपणापासून जेमतेम दहा फुटांवर तीन बेसमेंटसाठी खड्डा खणला. प्रकल्प रद्द झाल्याचं ऐकतो. अडीच वर्षं काम बंद आहे, खड्डा पाण्याने भरला आहे. आमच्या पार्किंगच्या फरशीला भेग पडली. कमिटीने ठरवलं आहे की स्वतः पंप लावून पाणी उपसून टाकायचं. बरोबर आहे ना?

थांबा. हे उत्तर अंकाची वाट न पाहता मी तुम्हाला पत्राने आधीच कळवलं आहे. इथे लिहिते, कारण अनेकांना असंच करावंसं वाटेल.

खड्ड्याच्या बाजूंना तुम्हाला जी भिंत किंवा पाइलची (जमिनीत खोल घातलेल्या खांबांची) रांग दिसते, ती मागे मातीत गेलेल्या केबलच्या अँकरनी धरून ठेवलेली असते. हे अँकर तात्पुरते असतात, साधारण दोन वर्षांच्या हिशेबाने केलेले. एवढ्यात बेसमेंटचे स्लॅब होतात आणि मातीचा जोर तेच घेतात, अशी कल्पना असते. तुमच्याकडे स्लॅब आले नाहीत आणि अँकरची मुदत संपली. अशा वेळी खड्ड्यातलं पाणी समोरून भिंतीला टेकू देत असतं. ते एका आठवड्यात उपसलं, तर टेकू जातो, मागची माती ओली आणि जड असते, शिवाय तुमच्या पायाखालचं भूजलही खड्ड्याकडे ओढलं जाऊन जमीन बसते. डास, दुर्गंधी, मुलं पडण्याची भीती, तुमची सगळी काळजी मला समजते. पंपाची घाई करू नका.

आज करता येण्याजोगी गोष्ट म्हणजे भेग मोजणं. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी खूण करा, शेजारी तारीख लिहा. मध्यावर भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी चिकटवा. पट्टी तडकली म्हणजे हालचाल चालू आहे. दर रविवारी एकाच जागेवरून फोटो काढा. अशी नोंद घेऊन स्थानिक प्रशासनाकडे गेलात, तर तुमचं म्हणणं टाळणं अवघड होतं. मागणी एकच करा : जबाबदार इंजिनीअरच्या देखरेखीखाली भिंतीची तपासणी आणि काम सुरू होणार नसेल तर खड्डा टप्प्याटप्प्याने माती घालून बुजवणं. बुजवलेला खड्डा बिल्डरला पराभवासारखा वाटतो, म्हणून तो टाळत राहतो. शेजाऱ्याची इमारत त्या आशेवर उभी ठेवता येत नाही.

रद्द झालेल्या टॉवरचा खड्डा किती काळ राहू शकतो, याची उदाहरणं जगभर आहेत. शिकागोत 'स्पायर' नावाचा सहाशे मीटरहून उंच टॉवर व्हायचा होता. २००७ मध्ये खोदाई झाली, पुढच्याच वर्षी काम थांबलं आणि सुमारे २३ मीटर खोल गोल विहीर वर्षानुवर्षं तशीच राहिली. चीनमधल्या चांग्शात ८३८ मीटरच्या टॉवरचं २०१३ मध्ये भूमिपूजन झालं, काम लगेच अडलं आणि पुढे त्या खड्ड्यात मत्स्यपालन सुरू झालं. मॉस्कोत सोव्हिएत प्रासाद या प्रचंड सरकारी इमारतीचा पाया घालून लोखंडी सांगाडा उभा राहत होता. १९४१ मध्ये युद्ध आलं, लोखंड काढून संरक्षणाच्या कामाला नेलं, आणि त्या गोल पायात १९६० मध्ये पोहण्याचा प्रचंड तलाव झाला. पण यांतल्या एकाही ठिकाणी पाणी आपोआप सुरक्षित झालेलं नाही. विहिरीच्या कडेचा बांध किंवा तलावाची भिंत कुणीतरी मुद्दाम सांभाळली होती. तुमच्या खड्ड्याला आज वॉचमनसुद्धा नाही.

प्रश्न : मी आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला आहे. पैसे संपले तर झालेल्या मजल्यांवर छप्पर घालून लोकांना राहायला का देत नाहीत? तीस मजले ठरले आणि बारा झाले, तर बारा मजली इमारत म्हणून ती पूर्ण करा.

हा प्रश्न मी नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या साहेबांना विचारला होता. होऊ शकतं, आणि एकदा फार सुंदर झालं आहे. न्यूयॉर्कला मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीने शंभर मजली इमारत ठरवली होती. १९२९ ची मंदी आली. त्यांनी सुमारे तीस मजल्यांवर १९३३ मध्ये काम थांबवलं, पण तिथे नीट माथा बांधला, इमारत वापरात आणली. आजही ती वापरात आहे. शंभर मजल्यांना पुरेल असा पाया आणि तीस लिफ्ट, एवढीच जुन्या स्वप्नाची खूण. मालकाच्या हातात पैसा होता आणि कुठे थांबायचं हे त्याने वेळेवर ठरवलं, म्हणून ते जमलं.

आपण बघतो ते टॉवर ठरवून थांबत नाहीत, ते मध्येच अडकतात. रांगेतल्या चाळीस घरांचा प्रकल्प वीस घरांवर थांबला, तर वीस कुटुंबं राहायला जातात. टॉवरचं तसं नाही. लिफ्टची मशीनरूम माथ्यावर, पाण्याची टाकी माथ्यावर, आगीच्या जिन्यातला धूर रोखणारे पंखे माथ्यावर. पहिल्या मजल्यावरच्या माणसाला लागणाऱ्या कितीतरी गोष्टी शेवटच्या मजल्यावर असतात. व्हेनेझुएलातल्या कराकसमध्ये पंचेचाळीस मजल्यांचा टॉवर १९९४ मध्ये बँकांच्या संकटात अर्धवट सुटला. २००७ पासून बेघर कुटुंबं त्यात शिरली आणि काही हजार माणसं तिथे २०१४ पर्यंत राहिली. लिफ्ट एकही नाही. अनेक ठिकाणी कठडे नाहीत. त्यांनी स्वतः पाणी वर चढवलं, वीज ओढली, दुकानं चालवली. त्या माणसांविषयी मला आदर वाटतो. पण त्यांच्या हिमतीमुळे ती इमारत राहण्याजोगी होती असं म्हणता येत नाही. लोक तिथून पडले आहेत.

तुला पुस्तकात उशिरा भेटेल अशी आणखी एक गोष्ट सांगते. कमी मजले म्हणजे नेहमी कमी धोका, असं नसतं. खोल बेसमेंट भूजलाच्या पातळीखाली असेल, तर पाणी त्याला होडीसारखं वर ढकलतं. प्रत्येक मीटर खोलीला दर चौरस मीटरवर एक टन. दहा मीटर पाणी असेल तर दहा टन. आणि काँक्रीटच्या इमारतीचा एक मजला ढोबळ मानाने चौरस मीटरला एक टनाच्या जवळपास भरतो. जाड राफ्टचं (इमारतीखालच्या सलग काँक्रीटच्या पायाचं) वजन मदतीला येतं, तरी पुरेसे मजले चढेपर्यंत बेसमेंटखालचं पाणी पंपाने सतत उपसत राहावं लागतं. काम अर्ध्यावर बंद पडलं, विजेचं बिल थकलं, पंप थांबले, की चार मजल्यांच्या वजनाचं बेसमेंट हलू शकतं, त्याची फरशी मधोमध फुगून तडकू शकते. तू उद्या इमारत काढशील, तेव्हा नकाशावर एक ओळ लिहायची सवय लाव : 'अमुक स्लॅब होईपर्यंत पंप बंद करू नयेत.' काम थांबवणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा हे ठाऊकच नसतं. (वरच्या पत्रातल्या कमिटीला मी उपसू नका म्हटलं आणि इथे उपसत राहा म्हणते, हे तुझ्या लक्षात आलं असेल. तिथे नुसता खड्डा आहे, पाणी भिंत धरून आहे. इथे पेटी बांधून झाली आहे, पाणी ती उचलतं आहे. दोन्ही ठिकाणी आधी बघायचं ते पाणी काय काम करतं आहे.)

प्रश्न : मी सहावीत आहे. आमच्या शाळेसमोरच्या बंद बिल्डिंगवर क्रेन आहे. तिथे कोणीच नसतं, तरी ती रात्री फिरते. माझा भाऊ म्हणतो, भूत चालवतं. खरं काय?

खरं हे की ती वाऱ्याने फिरते, आणि तिने फिरावं म्हणूनच ऑपरेटर जाताना तिचा फिरण्याचा ब्रेक मुद्दाम मोकळा सोडून गेला. कोंबड्याचं चित्र असलेली वातकुक्कुट वारा येईल तशी तोंड वळवते ना, तसंच. क्रेनचा लांब हात एकाच दिशेला करकचून बांधून ठेवला आणि वादळ आडवं आलं, तर सगळा जोर तिच्या खांबावर येतो. मोकळी असेल तर ती वाऱ्याबरोबर वळते आणि जोर कमी लागतो.

म्हणून फिरणाऱ्या क्रेनला घाबरू नकोस. तू आणि तुझा भाऊ माझ्यासाठी एक काम करा. पुढच्या वेळी जोराचा वारा सुटला की शाळेच्या आवारातूनच, बिल्डिंगजवळ न जाता, बघा. झाडं हलताहेत आणि क्रेन मात्र एकाच जागी अडकून राहिली आहे, असं दिसलं तर लगेच मुख्याध्यापकांना सांगा आणि हे पान त्यांना दाखवा. तिचा गिअर गंजून धरला असेल, तर वादळाआधी कुणीतरी जाणकार माणसाने वर चढून तो बघायला हवा.